विकसनशील देशांत लोक सामाजिक उद्योगाकडे, म्हणजे समाजाची एखादी अडचण सोडवत स्वतःचा खर्चही भागवणाऱ्या उद्योगाकडे, का वळतात?

बहुतेकदा डोळ्यांसमोरची एखादी ठोस अडचण त्यांना यात ओढते, जी सरकारी योजनेतही बसत नाही आणि नफ्याच्या धंद्यातही. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक पाहा. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा होता, त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम किरकोळ म्हणून तिथल्या बँकांनी तिचं खातंच उघडलं नाही. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. बँक काढणाऱ्या बायका निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. मग त्या लिहा-वाचायला शिकल्या, अधिकाऱ्यांसमोर व्याजाचा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवायला तयार झाल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हेही बायकांनीच सांगितलं. म्हणून बँक त्यांच्या दारात जाऊ लागली. शिकलेल्या माणसाला ही अडचण टेबलावर बसून सुचत नाही.

अर्थात सगळेच असे नसतात. नोकरी नाही म्हणून किंवा देणगीदारांचा निधी मिळतो म्हणून उतरणारेही बरेच असतात. रोजचा खर्च कामातून निघत नसेल तर निधी संपताच त्यांचं काम थांबतं.