घरोघरी जाणाऱ्या नर्सला पगार कोण देत होतं?

प्रश्न: ताई, मी निपाणीजवळच्या खेड्यातनं लिहितेय. पोरगी बेळगावात जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करत्ये, तिला शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या घरच्या शुश्रूषेवर प्रोजेक्ट आलाय. तिथं नर्स सायकलवरनं घरी यायची म्हणे. तिला पगार कोण द्यायचं, सरकार काय? (आमच्या सासूबाई पॅरालिसिसनं पडून आहेत, म्हणून मलाबी जरा उत्सुकता.)

उत्तर: सरकार नव्हे हो, निदान सुरुवातीला तरी! लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्यानं 1859 मध्ये बायकोच्या शेवटच्या आजारात मेरी रॉबिन्सन ही नर्स ठेवलेली, बायको गेल्यावर तिलाच गरिबांच्या घरी पाठवलं, तिथनं हे सगळं वाढलं. 1887 ला व्हिक्टोरिया राणीला गादीवर येऊन पन्नास वर्षं झाली, त्या ज्युबिलीला बायकांनी जो फंड जमवला त्यातनं ट्रेनिंगची संस्था निघाली आणि तिथं शिकलेल्या त्या 'क्वीन्स नर्स'. पण गावातली नर्स गावची कमिटीच ठेवायची, वर्गणी, देणगी, कुठं कुठं घरटी आठवड्याला एक पेनी, आपल्या भिशीसारखंच की. 1911 चा इन्शुरन्स कायदा आला पण त्यात डॉक्टर मिळाला तो कामगाराला, त्याच्या बायकापोरांना नाही. घरच्या नर्सची जबाबदारी सरकारनं अंगावर घेतली ती पार 1948 ला.

आणि नर्सनं पैसे वाटायचे नाहीत, कुणाच्या धर्मात नाक खुपसायचं नाही, असा कडक नियम होता. मला तरी हे फार आवडलं.

पोरीला प्रोजेक्टात एक चित्र काढायला सांगा, त्या काळच्या लांब नळीच्या दूधबाटलीचं. काचेच्या बाटलीतनं रबराची नळी, टोकाला निप्पल, बाळ पाळण्यात पडल्या पडल्या चोखतंय आणि आई कामाला मोकळी. सोय भारी, पण ती नळी आतनं घासायची कशी सांगा? दुधाचा साका आतच आंबायचा, वर उन्हाळा, घोड्यांच्या लिदीवरच्या माश्या, आणि पोरं जुलाबानं जायची. 1900 च्या सुमाराला हजारात दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावायची. म्हणून नर्स आणि हेल्थ व्हिजिटर (घरोघरी जाऊन बाळाची काळजी कशी घ्यायची ते सांगणाऱ्या) बाया घरात आल्या की आधी ती बाटली बघायच्या. हडर्सफील्डच्या मेयरनं तर 1904 मध्ये लाँगवूड भागात नवीन बाळ जन्मलं की चिठ्ठी द्यायला सुरुवात केली, वर्षभर जगलं तर एक पौंड! लाच म्हणा हवं तर.

सुईणींचंबी लिहू दे तिला, 1902 च्या कायद्यानं त्यांचं रजिस्टर झालं आणि 1910 पासून सर्टिफिकेट नसलेल्या बाईला पैसे घेऊन बाळंतपणं करायचा धंदा बंद.

बाकी सासूबाईंना दर दोन तासांनी कुस बदलून देता ना? पाठ, टाचा, माकडहाड रोज बघा, कुठं लाल दिसलं आणि दाबून लाली गेली नाही तर लगेच पीएचसीत दाखवा. पोरगी घरी आली की तिच्याकडनंच शिकून घ्या की.