पेपर छापला, पण डिपार्टमेंटच्या यादीत नाही : आधी अ‍ॅफिलिएशनची ओळ बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं ते अख्खं वर्ष डोळ्यासमोर आलं. तुम्ही लिहिलंय की पीएचडीचं काम तीन महिन्यांपूर्वी छापून आलं, पहिलं नाव तुमचंच आहे, आता तुम्ही पोस्टडॉकसाठी दुसऱ्या विद्यापीठात आहात, आणि जुन्या केमिस्ट्री डिपार्टमेंटच्या 'रिसेंट पब्लिकेशन्स'मधे पेपर दिसतच नाहीये, वर ऑफिसवाले म्हणतात की सिस्टीममधे नाही म्हणजे आमचा नाही. माझ्याबरोबर शब्दशः हेच झालं होतं. डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) चालतोय का, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात जात नाही.

बऱ्याच ठिकाणी ही यादी आता कुणी हाताने बनवत नाही. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या डेटाबेसमधून संस्थेच्या नावावर जे सापडतं ते आपोआप ओढलं जातं. म्हणजे काम कुठल्या लॅबमधे झालं हे त्या सिस्टीमला कळत नाही, तिला फक्त अ‍ॅफिलिएशनची, म्हणजे लेखकाच्या नावाखालच्या संस्थेची, ओळ कळते. आणि माझी चूक तिथेच झाली.

प्रयोग सगळे जुन्या डिपार्टमेंटमधे झाले होते. पॅलेडियमची कॉम्प्लेक्सेस, तीन क्रिस्टल स्ट्रक्चर्स, सगळं तिथलंच. फक्त पेपर सबमिट करताना मी नव्या जागी रुजू झालो होतो, आणि जर्नलच्या फॉर्ममधे पत्ता विचारला तेव्हा मी साधेपणाने नवा पत्ता टाकला. खरा रिवाज असा आहे की जिथे काम झालं ती संस्था अ‍ॅफिलिएशनमधे आणि आत्ताची जागा तळटीपेत 'प्रेझेंट अ‍ॅड्रेस' म्हणून. मॅन्युस्क्रिप्टमधे मी ते बरोबर लिहिलं होतं, पण प्रूफ (छापण्याआधी लेखकाला तपासायला येणारी प्रत) आलं तेव्हा त्यात फॉर्ममधलाच पत्ता होता. प्रूफ परत करायला ४८ तास. त्या दोन दिवसांत मी अकराही कंपाऊंड्सचे एनएमआरचे (रेणूची रचना ओळखायच्या चाचणीचे) आकडे तपासले, त्यातलं क्लोरोफॉर्म ह्या द्रावकाचं ७.२६ नीट आहे का बघितलं, दुसऱ्या आकृतीतला (स्कीम दोन) उलटा पडलेला पाचरीच्या आकाराचा बाँड शोधला, आणि पहिल्या पानावरची बारीक अक्षरातली ओळ वाचलीच नाही. 'अ‍ॅफिलिएशन्स बरोबर आहेत ना' असा वेगळा प्रश्न विचारला होता, त्याला मी हो करून टाकलं.

आमच्याकडे थिसिस सबमिट करायला त्या डिपार्टमेंटच्या नावाचा एक तरी पेपर लागायचा. ऑफिसने (नाव घेत नाही) सांगितलं जर्नलचं पत्र आणा. जर्नल म्हणालं आम्ही पत्र देत नाही, कॉरिजेंडम (छापील दुरुस्तीची टीप) काढतो, पण सगळ्या लेखकांची मेलवर संमती हवी. आम्ही सहा जण, त्यातला एक शिक्षण सोडून इंडस्ट्रीत गेलेला आणि त्याचा विद्यापीठाचा मेल बंद, त्याला शोधण्यात दोन महिने गेले. कॉरिजेंडम छापून आलं ते घेऊन ऑफिसात गेलो तर म्हणे ह्याचा डीओआय वेगळा आहे, मूळ पेपर अजून दुसऱ्या विद्यापीठाचाच दिसतोय. मला आजही त्याचा राग येतो, कारण त्या टेबलावरच्या एकाही माणसाने पहिल्या दिवशी हे सांगितलं नाही की आम्हाला डेटाबेसमधली नोंद बदललेली लागते. दर वेळी नवी अट, आणि तीही तोंडी. सात महिने गेले ह्यात, फेलोशिप तोवर संपली होती.

सुटलं ते लायब्ररीमुळे. तिथल्या एका बाईंनी दहा मिनिटांत समजावलं की डेटाबेसला दुरुस्ती कळवायचा फॉर्म असतो, त्यात मूळ पेपर आणि कॉरिजेंडम दोन्हीचे डीओआय द्यायचे आणि संस्थेचं नाव कसं हवं ते लिहायचं. तीन आठवड्यांत नोंद बदलली, पुढच्या अपडेटला पेपर यादीत आला. म्हणून माझं ठाम मत आहे, प्रशासनाच्या खिडकीवर जायच्या आधी लायब्ररीत जा. (प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, मी फक्त माझ्यावर बेतलेलं सांगतोय, तुमच्या गाईडना विचारल्याशिवाय काही करू नका.)

आता तुमचं. तीन जागा उघडून शेजारी शेजारी ठेवा: पीडीएफचं पहिलं पान, क्रॉसरेफवरची (डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडची) नोंद आणि डेटाबेसमधली नोंद. पीडीएफमधे जुनं डिपार्टमेंट असेल आणि फक्त डेटाबेसमधे नसेल तर कॉरिजेंडमच्या भानगडीत पडू नका, सरळ दुरुस्तीचा फॉर्म भरा. पीडीएफमधेच चूक असेल तर मात्र कॉरिजेंडमशिवाय इलाज नाही, आणि सहलेखकांच्या संमत्या आजच गोळा करायला लागा. ऑफिसने जे काही मागितलं ते मेलवर लिहून घ्या. तोंडी सांगितलं तर तुम्हीच घरी येऊन मेल टाका की आज आपण असं असं म्हणालात.

वर्षाचाही घोळ असू शकतो. डिसेंबरमधे ऑनलाइन आलेला पेपर अंकात जानेवारीत लागतो आणि यादीत पुढच्या वर्षाखाली जातो, तेवढं एकदा बघा. शिवाय शीर्षकात रासायनिक सूत्र असेल तर सबस्क्रिप्टमुळे (खाली लिहिलेल्या बारीक आकड्यांमुळे) नोंदीत शीर्षक तुटू शकतं आणि शोधून सापडत नाही. मी तेव्हापासून शीर्षकात शक्यतो टायटॅनियम डायऑक्साइड असं पूर्ण नाव लिहितो.

ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) २०१२ पासून आहे, तरी अजून लोक तो कुठेतरी कॉपी करून चिकटवतात. सबमिशनच्या वेळी लॉगिन करून जोडा आणि क्रॉसरेफला आपोआप अपडेट करायची परवानगी द्या, मग पेपर तुमच्या खात्यात स्वतःहून येतो. पण हे जोडलेल्या लेखकापुरतंच, सहलेखकांनी आपापलं करायचं. आणि पत्रव्यवहाराचा मेल विद्यापीठाचा एकटा देऊ नका, खाजगी पण द्या. डिग्री झाली की विद्यापीठाचा मेल बंद होतो आणि कुणी तुमचा एफआयडी डेटा (एनएमआरचा कच्चा सिग्नल) मागितला तर निरोप पोचतच नाही. जाता जाता, कच्चा एनएमआर डेटा आणि सीआयएफ (क्रिस्टल स्ट्रक्चरच्या) फाइल्स जुन्या लॅबच्या कॉम्प्युटरवर ठेवून आला असाल तर आत्ताच कॉपी मागून घ्या.

लोक म्हणतील एका यादीचं काय एवढं. नवीन मुलं गाईड निवडताना तीच यादी वाचतात, ग्रँटच्या कमिट्या तीच बघतात. तुमच्या गाईडचंही त्यात नुकसान आहे, त्यांना हे सांगा, त्यांचा एक मेल तुमच्या दहा मेलच्या बरोबरीचा आहे.

आणि कॉरिजेंडम लिहावंच लागलं तर छोटं ठेवा. माझ्या पहिल्या मसुद्यात मी सगळी कहाणी लिहिली होती, एडिटरने ती परत पाठवली आणि त्यात तीन आठवडे गेले. हे काम पूर्णपणे अमुक विभागात झालं, लेखकाचा सध्याचा पत्ता तमुक, निष्कर्षांवर परिणाम नाही, एवढंच लिहा. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी बघून देतो.