स्टेशनपुरती गाडी आणि सोमवारची बॅटरी

प्रश्न : काका, मला लायसन्स मिळून चार महिने झाले. बाबांनी १५० सीसीची सेकंडहँड बाईक घेऊन दिली आहे, २०२१ची. किक नाही, फक्त सेल्फ. रोज घरून ऐरोली स्टेशनपर्यंत जाते, जेमतेम दोन किलोमीटर, आणि तिथून लोकलने ठाण्याला कॉलेजला. शनिवार-रविवार गाडी सोसायटीतच उभी. आता सोमवारी सकाळी सेल्फ दाबला की नुसतं टक-टक-टक. वॉचमनदादा धक्का मारून देतात तेव्हा कुठे सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. मैत्रीण म्हणते रोज पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेव, बॅटरी चार्ज होईल. कोणाचं ऐकू? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : इतक्यात दोघांचंही नको. गॅरेजवाल्याने मीटर लावून पाहिलं का? तू तसं काही लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुधा नाहीच. ठाण्यात कोपरीला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. दर पावसाळ्यात माझ्याकडे अशा गाड्या येतात, ज्यांत नवी बॅटरी घालून महिनाही झालेला नसतो आणि ती पुन्हा बसलेली असते. पैसे गेले, दुखणं तिथंच. शिकणाऱ्या मुलीचे पैसे असे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मैत्रिणीचा सल्ला. गाडीत वीज तयार होते ती इंजिनाला जोडलेल्या मॅग्नेटमध्ये, आणि इंजिन जितकं फिरेल तितकीच. जागेवर धीम्या आरपीएमला उभी गाडी कशीबशी स्वतःपुरती वीज बनवते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद करता येत नाही. साधा ३५ वॉटचा बल्ब असेल तर तो एकटाच तीन अँपिअरच्या आसपास खातो. वर पेट्रोलचा पंप, इंजेक्शनचा कंप्युटर, टेललाइट. सेल्फ मारताना मोटर क्षणभर पन्नासएक अँपिअर ओढून घेते, ते भरून निघायला या सगळ्यातून उरतं काय? पाच मिनिटांनी गाडी बंद केलीस तर बॅटरी होती तिथेच, क्वचित थोडी खालीच. शिवाय पेट्रोल जळलं आणि वरच्या मजल्यावर धूर गेला तो वेगळा.

तुझं स्टेशनचं जाणं-येणंही याच जातीचं आहे. सकाळी एक सेल्फ, दोन किलोमीटर, त्यात सिग्नल आणि रिक्षांची रांग. संध्याकाळी पुन्हा तेच. शिवाय नवीन हात आहे, क्लच लवकर सुटतो, गाडी मध्येच बंद पडते आणि प्रत्येक वेळी सेल्फच मारावा लागतो. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे असेच शिकतात. पण बॅटरीच्या हिशोबात हे सगळे सेल्फ जमा होत जातात.

म्हणून दोन सवयी आत्ताच लाव. चावी फिरवल्यावर लगेच सेल्फ दाबू नको. पेट्रोलच्या टाकीतून दोनेक सेकंद बारीक झींऽऽ असा आवाज येतो, तो पंप पेट्रोलचं प्रेशर बनवत असतो. तो थांबला की क्लच पूर्ण दाबून सेल्फ मार. पाच सेकंदांत नाही झाली तर सोड, पंधरा-वीस सेकंद थांब, मग पुन्हा. दुसरं, गाडी बंद करायची ती चावीने. लाल बटणाने इंजिन बंद केलं आणि चावी तशीच राहिली, की हँडलवरचं स्पीडचं मीटर आणि टेललाइट दिवसभर जळत राहतात. स्टेशनच्या पार्किंगमध्ये लोकल पकडायच्या घाईत हे फार होतं. काही गाड्यांत हँडल लॉक करताना चावी आणखी एक घर पुढे गेली की पार्किंगचा दिवा लागतो. तुझ्या गाडीत तसं घर आहे का, तेही एकदा बघ.

आता तपासणी. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो, तो घरात असू दे. डीसी २० व्होल्टवर ठेव, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी चावी लावायच्या आधी आकडा बघ. १२.७च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग मीटर लावलेलाच ठेवून सेल्फ दाब. आकडा दहाच्या थोडाफार वर राहिला तर ठीक. भरलेली बॅटरीसुद्धा सात-आठवर कोसळत असेल तर ती खरोखर संपली, आणि गॅरेजवाला बरोबर. इंजिन सुरू झालं की थोडा ॲक्सिलरेटर देऊन तिसरा आकडा घे. तो साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये हवा. बाराच्याच घरात अडकला असेल तर चार्जिंगच होत नाही. कॉइल प्लेट (मॅग्नेटमधली वीज बनवणारी तारांची गुंडाळी), आरआर युनिट (ती वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा त्यांच्यामधलं सॉकेट, कुठेतरी गडबड आहे. पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडलंय, ते बॅटरी उकळून फुगवेल. या दोन्ही अवस्थांत नवी बॅटरी टाकणं म्हणजे ती मारायलाच आणणं.

पण मीटर आणायच्याही आधी सीट काढ आणि टर्मिनल बघ. ऐरोली खाडीला लागून, हवा दमट आणि खारट. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असेल, किंवा वायर बोटाने हलत असेल, तर तुझी टक-टक तिथूनच येत असण्याची बरीच शक्यता आहे. टर्मिनल सोडवताना आधी मायनस काढ, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. कारण गाडीची सगळी चेसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, मायनसला जोडलेली असते. मायनस लावलेला असताना प्लसवरचा पाना चेसीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: स्क्रू बाहेर आला की टर्मिनलच्या खोबणीतला छोटा चौकोनी नट सुटतो आणि थेट बॅटरीच्या ट्रेमधून खाली इंजिनाच्या खोबणीत जातो. आधीच खाली फडकं पसर. लावताना नटाखाली स्पंजचा छोटा तुकडा सरकव, म्हणजे नट वर उचलला राहतो आणि स्क्रू पटकन बसतो. भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशने घास, कोरडी कर, स्क्रू घट्ट बसव आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दे.

गाडी सेकंडहँड आहे, म्हणून आधीच्या मालकाने काय काय जोडलंय तेही शोधावं लागेल. जादा हॉर्न, फॉग लाइट, मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर. यातली वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असेल तर चावी काढली तरी ती वीज खात राहते. वीस मिलीअँपिअर ऐकायला काहीच नाही, पण चोवीस तासांत ते जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर होतं (अँपिअर गुणिले तास, बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात). तुझ्या गाडीला पाच अँपिअर-अवरची बॅटरी असेल असं धरलं तर दहा दिवसांत ती कोरडी. आधीच अर्धी असलेल्या बॅटरीला शनिवार-रविवारची सुट्टीही पुरे होते. हा गळका प्रवाह मीटरनेच मोजता येतो, पण त्यासाठी मीटर मायनसच्या वाटेत जोडावा लागतो आणि चुकून चावी फिरली तर मीटरचा फ्यूज उडतो. पहिल्यांदा हे कोणा जाणकाराकडून करून घे, शेजारी उभी राहून बघ. स्टँडर्ड गाडीत काही मिलीअँपिअरच्या पुढे आकडा जायला नको.

समजा, यातलं काहीच निघालं नाही आणि बॅटरी फक्त उतरलेली आहे. मग तिला चार्जरवर लावायला हवं. अर्ध्याच्या खाली गेलेली बॅटरी नुसती गाडी फिरवून पूर्ण भरत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण खरं आहे. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा ठेवायचा, म्हणजे पाच अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर, रात्रभर. भरली की आपोआप थांबणारा दुचाकीचा स्मार्ट चार्जर मिळतो, तो घेतलास तर उत्तम. कारच्या मोठ्या बॅटऱ्यांच्या रांगेत आपली चिमुकली बॅटरी तासाभरात ‘फास्ट’ चार्ज करून देतो म्हणणाऱ्याला हात जोड. ती तापते आणि आतून खराब होते. चार्जिंग हवेशीर जागी कर, देवघराजवळ किंवा गॅसजवळ नको, बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो.

आणि हे लवकर कर. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या प्लेटवर सल्फेट बसतं. ताजं असताना चार्जिंगने ते विरघळतं. तसंच पडू दिलं तर पावसाळ्यात डब्यातल्या मिठाचा खडा होतो तसं घट्ट होतं, आणि मग कितीही चार्ज करा, क्षमता परत येत नाही. दर सोमवारी टक-टक, धक्का, पुन्हा आठवडाभर अर्धी बॅटरी, या चक्रात चांगली बॅटरीही तीन-चार वर्षांच्या आयुष्यातलं एखादं वर्ष गमावते. तुझी बॅटरी २०२१चीच, कंपनीतून आलेली असेल तर तिचं वय झालेलंच आहे. वर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाच. बदलायची ठरलीच तर तेवढ्याच अँपिअर-अवरची आणि त्याच मापाची घे, आणि जुनी दुकानातच देऊन तिची किंमत नव्या बिलातून वळती करून घे. भंगारवाल्याला देऊ नको. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती गोळा करून रिसायकलिंगला पाठवणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

बॅटरी एकदा भरली की ती भरलेली ठेवणं सोपं आहे. आठवड्यातून एकदा गाडीला नीट चालव. रविवारी सकाळी सातच्या आत ठाणे-बेलापूर रस्त्याने बेलापूरपर्यंत जाऊन ये. सलग पाऊण तास, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, मध्यम आरपीएमला. डाव्या बाजूने जा, एमआयडीसीचे ट्रेलर रविवारीही असतात. बाबांना मागे बसवून नेलंस तरी चालेल, त्यांनाही दिसेल मुलगी कशी चालवते ते.

धक्क्याचं एक राहिलं. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि इंजेक्टर बॅटरीवरच चालतात. चावी लावल्यावर स्पीडच्या मीटरचा दिवाच लागत नसेल, तर वॉचमनदादांना घाम गाळायला लावू नको, ती सुरू होणार नाही. दिवा लागत असेल आणि पंपाचा आवाज येत असेल तरच दुसरा गिअर, क्लच दाबून धक्का, आणि वेग आला की क्लच सोड.

प्रश्न : गणपतीला आम्ही सगळे तीन आठवडे रत्नागिरीकडे गावी जातो. गाडी कासारवडवलीला इमारतीच्या आवारात, ताडपत्रीखाली. गेल्या वर्षी परत आलो तर बॅटरी ठार. मायनस काढून ठेवला तर गाडीच्या कंप्युटरला काही होतं का? – एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : बिनधास्त काढा. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जाईल, सुरुवातीला एखाद-दोन दिवस आयडलिंग किंचित वरखाली वाटेल, बाकी काही नाही. निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करा, कारण तिची थोडी वीज न जोडताही कमी होतच असते. सुटी केलेली मायनस वायर कापडात गुंडाळून बाजूला बांधा, नाहीतर हलून पुन्हा टेकते. ट्रॅकर लावलेला असेल तर तो स्वतःच्या छोट्या बॅटरीवर थोडाच काळ चालेल, तेवढं लक्षात असू द्या. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढू नका. भाद्रपदातला दमटपणा खाली कोंडला की टर्मिनलच नव्हे, सॉकेटंही हिरवी पडतात. खालून वीतभर जागा हवेला ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी आहे, बॅटरीला सहा बुचं आहेत. पाणी कमी झालंय. घरच्या आरओचं टाकू का? – एक वाचक, कामोठे

उत्तर : नको. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात आणि ते प्लेटवर बसतात. पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते, तीच वापरा. बॅटरीच्या अंगावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात, सहाही घरांत पाणी त्यांच्या मध्ये ठेवा, वरच्या रेघेच्या पुढे नको. ॲसिड मुळीच ओतू नका. उडून गेलेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. आणि एकाच घरातलं पाणी इतर पाचांपेक्षा फार लवकर कमी होत असेल, तर तो सेल गेलेला आहे.