अध्यक्षपद कुणाचं आणि कुणाकडे?

एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न आला आहे. तिने लिहिलेलं वाक्य असं होतं: "मे २०२५ मध्ये आर्क्टिक परिषदेची अध्यक्षता डेन्मार्कने स्वीकारली." (आर्क्टिक परिषद म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांची संघटना.) संपादकांनी 'अध्यक्षता' खोडून 'अध्यक्षपद' केलं, कारण मात्र दिलं नाही. तिचं विचारणं असं, की या दोन शब्दांत खरंच फरक आहे का? आणि अध्यक्ष माणूस असतो, मग देश अध्यक्ष कसा होतो?

संपादकांनी खोडलं ते योग्यच केलं. पण 'अध्यक्षता' हा शब्द चुकीचा आहे असं मात्र कुणी समजू नये. 'अमुक यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली' हे वाक्य मराठीत इतकं मुरलेलं आहे की त्यावाचून बातमीचं पान लागत नाही. गंमत अशी, की मराठीत हा शब्द जवळजवळ त्या 'खाली'च्या सोबतीनेच जगतो. तो सुटा काढला आणि 'अध्यक्षता केली', 'अध्यक्षता मिळाली', 'अध्यक्षता स्वीकारली' असा वापरला, की वाक्याला हिंदीचा वास येतो. भारताकडे जी-२० चं काम होतं त्या वर्षभरात हा वापर फार बोकाळला, कारण पत्रकं हिंदीतून यायची आणि घाईत मराठी व्हायची.

मराठीत या कामासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एका बैठकीपुरतं जे असतं ते अध्यक्षस्थान. सभा संपली की ते संपलं. ज्याला मुदत असते ते अध्यक्षपद. आर्क्टिक परिषदेत ही मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून तिथे 'पद'च हवं.

'अध्यक्षस्थान भूषवणे' हा प्रयोग देशाला लावताना तर जरा जपूनच. मे २०२१ ते मे २०२३ या काळात हे पद रशियाकडे होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि मार्चच्या सुरुवातीला उरलेल्या सातही देशांनी परिषदेच्या कामातला आपला सहभाग थांबवला. पुढे काही कामं रशियाला वगळून सुरू झाली, पण पद मुदत संपेपर्यंत रशियाकडेच राहिलं. आता या सव्वा वर्षाबद्दल 'रशियाने अध्यक्षस्थान भूषवले' असं लिहून पाहा. समोर कुणी बसलेलं नाही आणि हे एकटे भूषवत आहेत! असल्या ठिकाणी 'पद रशियाकडे होते' एवढं साधं वाक्य पुरतं.

माझ्या मते खरी गोम 'ता' आणि 'पद' यांच्यात नाहीच. ती पुढच्या छोट्या शब्दात आहे: 'चे' की 'कडे'?

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी एका लेखाच्या भाषांतरात मी 'अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या काळात परिषदेने विज्ञान-सहकार्याचा करार पूर्णत्वाला नेला' असं लिहिलं होतं. मला अभिप्रेत होती २०१५ ते २०१७ ही अमेरिकेची पाळी. पहिल्याच वाचकाने विचारलं, "कोणत्या अध्यक्षांच्या, ओबामांच्या की ट्रम्प यांच्या?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मराठीत अमेरिकेचा अध्यक्षही 'अध्यक्ष' आणि परिषदेचाही 'अध्यक्ष'च. 'अमेरिकेचे अध्यक्षपद' म्हटलं की डोळ्यांपुढे व्हाइट हाऊस उभं राहणारच.

आर्क्टिक परिषदेत ही अडचण अर्ध्या सदस्यांबाबत येते. सदस्य देश आठ: कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे, रशिया, स्वीडन आणि अमेरिका. यांतल्या फिनलंड, आइसलँड, रशिया आणि अमेरिका या चौघांना स्वतःचे राष्ट्राध्यक्ष आहेत. उरलेल्या चार देशांत राजा आहे. म्हणजे 'रशियाचे अध्यक्षपद' म्हटलं तर पुतिन आठवतात आणि 'नॉर्वेचे अध्यक्षपद' म्हटलं तर वाचक बुचकळ्यात पडतो, कारण नॉर्वेला अध्यक्ष नाहीच.

'कडे' लावला की सगळा गुंता सुटतो. 'अर्थखातं कुणाकडे गेलं?' असं आपण विचारतो, 'कुणाचं झालं?' असं विचारत नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतो, म्हणून ती शेजाऱ्यांची होत नाही. ताबा आहे, मालकी नाही, आणि मुदत संपली की वस्तू पुढे द्यायची, हे सगळं त्या दोन अक्षरांत येतं. फिरत्या पदाला याहून नेमकं काय हवं? शिवाय देशाचं लिंग ठरवण्याची कटकटही जाते. 'नॉर्वे अध्यक्ष झाला', 'झाली' की 'झाले' यावर वाद घालण्यापेक्षा 'अध्यक्षपद नॉर्वेकडे आले' म्हणावं. क्रियापद पदाशी जुळतं आणि नॉर्वे बाजूला सुखरूप राहतो. (की राहते?)

मात्र 'कडे' लावला तरी परिषदेचं नाव गाळू नये. २०२५ च्या उत्तरार्धात गंमतच झाली होती. आर्क्टिक परिषदेचं पद मे महिन्यात डेन्मार्ककडे आलेलं होतंच. त्यात जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांसाठी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपदही डेन्मार्ककडे आलं. त्या काळात नुसतं 'डेन्मार्ककडे अध्यक्षपद असताना' असं लिहिणाऱ्याने वाचकाला कोडंच घातलं म्हणायचं.

युरोपचा विषय निघालाच आहे तर 'परिषद' या शब्दाकडेही वळू. 'परि' म्हणजे भोवती, 'सद्' म्हणजे बसणे. भोवती बसलेल्यांचा मेळा तो परिषद. मराठीने या शब्दावर दोन ओझी लादली आहेत. विधान परिषद, जिल्हा परिषद या कायम चालणाऱ्या संस्था. पत्रकार परिषद, गोलमेज परिषद, शिखर परिषद हे प्रसंग. भरतात आणि उठतात. त्यामुळे 'आखाती सहकार्य परिषदेची शिखर परिषद रियाधमध्ये झाली' असं परिषदेच्या पोटात परिषद असलेलं वाक्य हाती येतं. रियाध हे त्या संस्थेचं मुख्यालयही आहे, म्हणजे गोंधळात आणखी भर. मी संस्थेला 'परिषद' ठेवते आणि प्रसंगाला 'बैठक' किंवा 'शिखर बैठक' म्हणते.

युरोपात तर तीन परिषदा आहेत. १९४९ साली स्थापन झालेली, स्ट्रासबर्गला मुख्यालय असलेली, आज ४६ सदस्य असलेली संस्था वेगळी. मानवी हक्कांचं न्यायालय तिचं. युरोपीय संघातल्या देशांच्या सर्वोच्च नेत्यांची परिषद वेगळी; तिला अडीच वर्षांसाठी निवडलेला अध्यक्ष असतो, सध्या पोर्तुगालचे अँटोनियो कोस्टा. आणि मंत्र्यांची ती तिसरी, जिचं पद सहा-सहा महिन्यांनी देशांकडे फिरतं. मराठी बातम्यांत तिघींनाही 'युरोपीय परिषद' म्हटलेलं मी वाचलं आहे. पहिलीला 'युरोप परिषद', दुसरीला 'युरोपीय परिषद' आणि तिसरीला 'मंत्रिपरिषद' एवढं पाळलं तरी पुष्कळ. पण पहिल्या दोघींतला फरक एका प्रत्ययावर लटकलेला आहे, तेव्हा पहिल्या उल्लेखात 'स्ट्रासबर्गची' हे विशेषण जोडायला काय जातं? कोस्टांच्या बाबतीत मात्र 'पोर्तुगालकडे अध्यक्षपद आहे' असं मुळीच म्हणायचं नाही. तिथे पद माणसाला मिळतं, देशाला नाही.

आपल्याकडच्या विभागीय परिषदांतही, म्हणजे शेजारी राज्यांना एकत्र बसवणाऱ्या परिषदांतही, हा फरक दिसतो. राज्य पुनर्रचना कायद्याने १९५६ साली त्या आल्या. केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष असतात, तेव्हा ते पद फिरत नाही. फिरतं ते उपाध्यक्षपद, सदस्य राज्यांच्या मुख्यमंत्र्यांमध्ये, एकेका वर्षासाठी. इथे 'राज्याकडे' न म्हणता 'मुख्यमंत्र्यांकडे' म्हणणं जास्त नेमकं.

या फिरण्याला काय म्हणावं? सरकारी मराठीत 'चक्रानुक्रमे' आहे. अचूक आहे, पण बोलताना कुणी म्हणत नाही. 'आळीपाळीने' हा आपला रोजचा शब्द उत्तम. नामाच्या आधी विशेषण हवं असेल तर 'फिरतं अध्यक्षपद' चालेल, फिरता चषक असतो तसं. आर्क्टिक परिषदेत हा चषक ठरलेल्या क्रमाने जातो. १९९६ मध्ये ओटावा जाहीरनाम्याने परिषद स्थापन झाली तेव्हा पहिली पाळी कॅनडाची होती. २०१३ मध्ये स्वीडनची पाळी संपली तेव्हा एक फेरा पुरा झाला आणि पद परत कॅनडाकडे गेलं. सार्कमध्ये उलट झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत शिखर बैठक झाली, अध्यक्षपद नेपाळकडे आलं. २०१६ ची इस्लामाबादची बैठक बारगळली आणि त्यानंतर ते नेपाळकडे पडून आहे. 'आहे' आणि 'पडून आहे' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आता 'अध्यक्ष' या शब्दाची थोडी जुनी गोष्ट. 'अधि' आणि 'अक्ष', म्हणजे ज्याचा डोळा वरून आहे तो. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात परम व्योमात असलेला या सृष्टीचा 'अध्यक्ष' येतो, तो पाहणारा, नजर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचं नावच अध्यक्षप्रचार. त्यात शेतीचा सीताध्यक्ष आहे, व्यापारी मालाचा पण्याध्यक्ष आहे, नौकांचा नावध्यक्ष आहे, मद्याचा सुराध्यक्षही आहे. हे लोक सभेच्या मधल्या खुर्चीत बसत नव्हते. आपापल्या खात्यावर देखरेख करत होते. थोडक्यात, जुना अध्यक्ष म्हणजे आजचा निरीक्षक.

आणि नेमका हाच 'निरीक्षक' आर्क्टिक परिषदेत घोटाळा करतो. २०१३ मध्ये भारताला तिथे जो दर्जा मिळाला त्याला आपण 'निरीक्षक' म्हणतो. मराठी वाचकाच्या मनात पोलिस निरीक्षक असतो, अन्न निरीक्षक असतो. येतो, तपासतो, शेरा मारतो. परिषदेतला निरीक्षक यांतलं काहीही करत नाही. बैठकीला बसतो, ऐकतो, कार्यगटांत हातभार लावतो. निर्णयात त्याचा वाटा नसतो. निर्णय आठ देश एकमताने घेतात आणि त्याआधी आर्क्टिकमधल्या मूलनिवासी समाजांच्या सहा संघटनांशी सल्लामसलत करतात. या संघटनांना 'कायम सहभागी' म्हणतात. 'कायम सदस्य' लिहू नये, कारण त्या सदस्य नाहीत. निरीक्षकाला दुसरा चांगला शब्द मला अजून सुचलेला नाही, 'प्रेक्षक' म्हटलं तर तिकीट काढून आल्यासारखं वाटतं. तेव्हा 'निरीक्षक देश' असा जोडून लिहावा, निदान पोलिस तरी आठवणार नाही.

'सरचिटणीस की महासचिव' हेही लगे हात विचारलं आहे. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. त्याला फारसीतला 'सर' लागला, तो सरचिटणीस. शब्द आपला आहे आणि पक्षांच्या कार्यालयांत रोज चालतो, तेव्हा मी तोच घेते. पण आर्क्टिक परिषदेला सरचिटणीसही नाही आणि महासचिवही नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये तिचं सचिवालय आहे आणि त्याच्या प्रमुखपदी संचालक असतो. स्ट्रासबर्गच्या युरोप परिषदेला मात्र सरचिटणीस आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: देश अध्यक्ष कसा? पद देशाकडे येतं, खुर्चीवर माणूस बसतो. डेन्मार्ककडे पद आलं तेव्हा खुर्चीवर बसल्या त्या ग्रीनलंडच्या परराष्ट्रमंत्री व्हिव्हियन मोट्झफेल्ड. कारण सदस्य म्हणून परिषदेत जो आहे तो एकटा डेन्मार्क नव्हे. डेन्मार्क, ग्रीनलंड आणि फेरो बेटं मिळून झालेलं ते राजाचं राज्य आहे. मोट्झफेल्ड यांना 'अध्यक्षा' म्हणावं का? मी 'अध्यक्ष'च म्हणते, मंत्रीला 'मंत्रीण' म्हणत नाही तसं. इंग्रजीतही अलीकडे परिषदेने 'चेअरमनशिप' सोडून 'चेअरशिप' घेतलं आहे. आपल्या 'अध्यक्षपदा'त पुरुष पहिल्यापासूनच नव्हता, त्यामुळे आपल्याला काही बदलावं लागत नाही.

तर मैत्रिणीचं वाक्य मी असं लिहीन: "मे २०२५ मध्ये आर्क्टिक परिषदेचे अध्यक्षपद नॉर्वेकडून डेन्मार्ककडे आले."