वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलसाठी घरी कोणती हत्यारे ठेवावीत?

प्रश्न : माझ्याकडे १२५ सीसीची मोटारसायकल आहे. गॅरेज लांब असल्यामुळे चेन ताणणे, ऑइल बदलणे, प्लग साफ करणे ही कामे घरीच करावीत असे वाटते. चिपळूणच्या एका दुकानात चाळीसएक नगांचा पान्यांचा स्वस्त बॉक्स पाहिला आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील निम्मे नग आपल्या गाडीला कधीच लागणार नाहीत आणि जे लागतील ते खाऱ्या हवेत फार काळ टिकणार नाहीत. त्याच पैशांत मोजकी पण चांगली हत्यारे येतात.

आधी गाडीच्या नट-बोल्टांची मापे घ्यावीत. जपानी घडणीच्या गाड्यांना प्रामुख्याने ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने लागतात. ज्या बोल्टाला तेथे १२चा पाना बसतो, त्याच जाडीच्या बोल्टाला युरोपीय पद्धतीच्या गाडीवर १३चा लागतो, म्हणून शेजाऱ्याचा सेट पाहून खरेदी करू नये. हे पाने क्रोम व्हॅनेडियमचे (एक मजबूत मिश्र पोलाद) आणि रिंगचे घ्यावेत. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की त्याचे कोपरे गोल होतात. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो. आपल्याकडे दोन पावसाळे काढलेल्या गाडीचा एकही बोल्ट गंजाशिवाय नसतो, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र स्टार स्क्रू ड्रायव्हरने होते. जपानी मानकाच्या (जेआयएस) स्क्रूची खाच बाजारातील नेहमीच्या फिलिप्स टोकाशी तंतोतंत जुळत नाही. जोर देताच टोक वर सरकते आणि खाच खरवडून निघते. पुढच्या ब्रेकच्या ऑइलच्या डबीवरचे दोन छोटे स्क्रू मी असेच खराब केले होते आणि शेवटी ते ड्रिल करून काढावे लागले. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर जेआयएस टोकाचा ड्रायव्हर मागवावा, थोडा महाग पडला तरी.

प्लगचा पाना प्लगनुसार १६, १८ किंवा २१ नंबरचा असतो. गाडीसोबत आलेला पुरेसा आहे. पक्कड, ॲलन कीचा (षटकोनी खाचेच्या बोल्टांसाठीच्या किल्ल्यांचा) संच आणि हवा मोजण्याचा गेज एवढे पुढे जोडावे. चेनसाठी ब्रश, थोडे रॉकेल आणि ढिलाई मोजायला शाळेतली पट्टी पुरते. जांभ्याचा लाल चिखल वाळण्याआधी धुतलेला बरा. ऑइल स्वतः बदलणार असाल तर टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) अवश्य घ्यावा, कारण इंजिनाची केसिंग ॲल्युमिनियमची असते आणि ड्रेन बोल्ट अंदाजाने आवळताना आटे गेले, तर त्या दुरुस्तीचा खर्च सगळ्या हत्यारांपेक्षा जास्त येऊ शकतो. किती आवळायचा, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

हत्यारे पडवीत उघडी ठेवू नयेत. काम झाल्यावर ती ऑइलच्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी डबा उघडून पाहावा.