थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा आणि दिवाळीची पुणे ट्रिप

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालोय. चियांग माईला वर्षभर राहायचा विचार आहे. पैसे किती दाखवावे लागतात? आणि मधेच दिवाळीला पुण्याला येऊन गेलं तर चालतं का?

उत्तर: काका, वयाची अट ५० पूर्ण एवढीच, त्यात तुम्ही बसताच. खरी मेख पैशांची. वर्षाचं एक्स्टेन्शन (म्हणजे तिथे राहायची मुदतवाढ) घ्यायचं तर तिथल्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बात (थायलंडचं चलन) पाहिजेत, तेही अर्जाच्या २ महिने आधीपासून, आणि मंजूर झाल्यावर पण ३ महिने हात लावायचा नाही, नंतरही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणजे निम्मी रक्कम अडकूनच पडली समजा. नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवा, पण आपल्याकडच्या पेन्शनीत ते कुठलं बसायला!

दिवाळीला खुशाल या, पण निघायच्या आधी री-एन्ट्री परमिट (त्याच व्हिसावर परत आत यायची परवानगी) घ्याच. ते नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकलं की एक्स्टेन्शन रद्द, मग बँकेत ८ लाख असले तरी सगळं पहिल्यापासून. एकदाच्या फेरीला १००० बात, कितीही फेऱ्यांना ३८००. नातवंडं इकडे असतील तर सरळ ३८०० वालं घ्या.

आणि हो, दर ९० दिवसांनी तिथल्या इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो, विसरलात तर दंड. देश सोडून परत आलात की ते ९० दिवस नव्याने मोजतात. कामधंदा मात्र या व्हिसावर अजिबात चालत नाही.