मोठे वैमानिकी घड्याळ घेण्यापूर्वी

पहिलेच वैमानिकी घड्याळ घेताना नुसत्या आकाराला भुलू नका. तो आकार कशासाठी आला, हे आधी समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलासाठी बनलेली निरीक्षक-घड्याळे (विमानाचा मार्ग आखणाऱ्याची मनगटी घड्याळे) ५५ मिलिमीटर व्यासाची होती, ती जाड जाकिटाच्या बाहीवरून लांब पट्ट्याने बांधली जात, आणि त्यांची ठसठशीत चावी हातमोजा न काढता फिरवता येई. बाराच्या जागचा त्रिकोण व त्याच्या दोन बाजूंचे ठिपके पाहून तबकडीची वरची बाजू चटकन ओळखू येते. मला तरी या घड्याळांची ओढ वाटते ती या प्रयोजनामुळेच. आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीने २००२ साली आणलेले ‘बिग पायलट’ सुमारे ४६ मिलिमीटरचे आहे. मात्र व्यासापेक्षा, पट्टा अडकतो त्या वरच्या-खालच्या टोकांमधले अंतर मोजा, आणि ती टोके मनगटाबाहेर डोकावत असतील, तर घड्याळ कितीही देखणे असले (शर्टाच्या बाहीखाली ते तसेही मावणार नाही) तरी परत ठेवा.